मडक्यातून कोण आलं

आमच्याकडे नळाला पाणी चार दिवसांआड येतं. मे महिन्यात पाच. पाण्याच्या दिवशी पहाटे उठून पिंपं, घागरी, स्वयंपाकघरातली झाडून सगळी पातेली भरायची आणि शेवटी मागच्या अंगणातला हौद. हौद काठोकाठ भरला की थोडं पाणी सांडतंच आणि शेडच्या दारासमोरची काळी माती सकाळभर ओली राहते. सोलापूरच्या उन्हाळ्यात ओली माती ही फार मोलाची वस्तू आहे. तिच्यावर चिमण्या येतात, साळुंक्या येतात आणि बारीक कमरेच्या दोन तऱ्हेच्या माश्या येतात. आई दोघींनाही कुंभारीण म्हणते. मीही पस्तीस वर्षं तसंच म्हणत आले.

त्या दोघी वेगळ्या आहेत हे कळायला पाण्याचे कितीतरी दिवस जावे लागले. एक येते ती थेट चिखलावर उतरते, डोकं खाली आणि पोट वर करून गोळी वळते आणि जाते. दुसरी चिखलाकडे फिरकत नाही. ती हौदाच्या काठावर बसून पाणी पिते, पुष्कळ पिते, आणि मग भिंतीच्या कडेला, जिथे माती वाळून भेगाळली आहे, तिथे जाते. पोटातलं पाणी त्या कोरड्या मातीवर सोडते, जबड्याने खरवडते, कालवते आणि ज्वारीच्या दाण्याहून जराशी मोठी गोळी घेऊन शेडच्या फुटक्या झरोक्यातून आत शिरते. एक तयार चिखल उचलणारी, दुसरी आपला चिखल आपण मळणारी. मला नाव हवं होतं ते या दुसरीचं.

शेड म्हणजे अप्पांचा कारखाना. चार पॉवरलूम, त्यांतल्या दोनांवर जकार्ड. मोर, कमळ, चौकटीतलं गुलाबाचं फूल, जाडजूड सोलापुरी चादरीवर जे जे उमटतं ते सगळं जकार्डच्या पुठ्ठ्यांवर आधी भोकं पाडून ठेवलेलं असतं. अप्पा ती कार्डं स्वतः पाडायचे. रात्री जेवणं झाली की आलेखाच्या कागदावरचं डिझाइन पुढे घेऊन ठक ठक सुरू व्हायचं आणि त्या आवाजात मी झोपायचे. अप्पा गेले, त्यानंतर माग वर्षभर कसेबसे चालले आणि थांबले. कार्डांच्या माळा तेव्हा अजून वर लटकलेल्या होत्या, त्यांच्यावर तीन वर्षांची धूळ. कुंभारणीने घर बांधलं ते याच जकार्डच्या लाकडी चौकटीवर, माग चालू असता तर तिला एक गोळीही टिकवता आली नसती अशा जागी. माग धडधडत असताना त्या चौकटीला हात लावला तर कोपरापर्यंत झिणझिण्या यायच्या.

मी शेडमध्ये खरं तर झाडायला गेले होते. झाडणं राहिलं आणि मी एका उलट्या ठेवलेल्या बॉबिनच्या क्रेटवर बसून बघत राहिले.

मडकं कसं होतं ते सांगते. आधी लाकडावर एक गोल काठ. मग प्रत्येक गोळी काठावर ठेवायची आणि जबडा आतून, पुढचे पाय बाहेरून धरून तिची पट्टी ओढत न्यायची. चाक नाही. ती स्वतःच कामाभोवती फिरते. भिंत वर येते तशी आत वळत जाते, वर एक तोंड उरतं आणि त्या तोंडाला शेवटच्या गोळीने बाहेर वळलेला काठ लावते, अगदी गाडग्याला असतो तसा. पाण्याच्या दिवशी एक मडकं तीन-चार तासांत उभं राहिलं. आमच्या शहरात कुंभार वेस आहे, संक्रांतीची सुगडी तिथून येतात, आणि त्या सुगड्यांचा काठ वळताना कुंभाराचं बोट जसं शेवटी एकदा अलगद फिरून सुटतं, तसाच या माशीचा जबडा शेवटी सुटला. मी लहानपणापासून सुगडी हाताळली आहेत. हा काठ ओळखीचा होता.

मग तिने पोटाचं टोक मडक्याच्या तोंडात घातलं आणि काही क्षण निश्चल राहिली. अंडं घातलं. अजून आत अन्नाचा कण नाही आणि अंडं आधी. टॉर्चच्या उजेडात तोंडातून डोकावल्यावर ते दिसलं: तांदळाच्या कणीएवढं, छताला एका सुताने टांगलेलं. एकोणिसाव्या शतकात फ्रान्सच्या दक्षिणेला झाँ-आँरी फाब्र नावाच्या माणसाने हे टांगलेलं अंडं बघून त्याचा अर्थ लावला होता. माशी नंतर ज्या अळ्या भरते त्या मेलेल्या नसतात, डंखाने लुळ्या झालेल्या असतात आणि अधूनमधून वळवळतात. नाजूक अंडं त्यांच्यात पडलं तर चिरडेल, म्हणून ते वर सुतावर. सुताच्या कारखान्यात बसून मी सुतावर लटकलेला एक जीव बघत होते. त्या दिवशी मला अप्पांना हाक मारावीशी वाटली.

पुढचे दोन दिवस ती अळ्या आणत होती. हिरव्या, तिच्याच लांबीच्या, पोटाखाली धरलेल्या. तुरीच्या शेंगा पोखरणारी घाटेअळी या कुंभारणी उचलून नेतात अशी नोंद आहे आणि आमच्या जिल्ह्यात तूर किती पिकते हे सांगायला नको. अळ्या भरून झाल्या की तोंडावर मातीचं बूच. तो सुरेख वळलेला काठ ती त्याच बुचात मोडून टाकते. शेजारी दुसरं मडकं, मग तिसरं. पाच झाली तेव्हा पाचांवर मिळून तिने मातीचा एक थर लिंपला. आता बघणाऱ्याला तिथे मडकी नव्हतीच, कुणीतरी फेकून मारलेला चिखलाचा गोळा होता.

आईने दारातूनच विचारलं, “काय बघलालीस गं मघापासनं?”

मी सांगितलं. आई आत आली, गोळा बघितला आणि हात जोडले. आमच्या घरात कुंभारणीला हुसकत नाहीत. याचं कारण आई सिद्धेश्वराशी जोडते. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते, सोलापूरची जानेवारीतली गड्ड्याची यात्रा ही एका कुंभाराच्या मुलीच्या लग्नाची यात्रा आहे. बाराव्या शतकातले शिवयोगी सिद्धरामेश्वर, त्यांच्याशी लग्न करायचा ध्यास घेतलेली कुंभारकन्या, आणि योग्याने स्वतःऐवजी पुढे केलेला योगदंड. दर वर्षी सात नंदीध्वज मिरवत येतात, संमती कट्ट्यावर अक्षता पडतात आणि सगळं गाव त्या लग्नाला हजर असतं. म्हणून घरात आलेली कुंभारीण ही आईच्या लेखी माहेरवाशीण.

पण त्या दिवशी आई बोलली ते दुसरंच. “अळी आत कोंडली ना तिनं? आता बघ. आत बसून ती अळी कुंभारणीचंच ध्यान करणार. आणि कुंभारीण होऊन बाहेर येणार.”

ही गोष्ट मी कीर्तनात पन्नासदा ऐकलेली आहे. भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूत यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगतो. पृथ्वीपासून सुरुवात करून तो चोविसाव्यापाशी येतो, आणि ती ही, पेशस्कृत, भिंतीत कीटक कोंडणारी. स्नेहाने, द्वेषाने किंवा भयाने ज्याच्यावर मन एकाग्र होतं त्याचं रूप देहधाऱ्याला मिळतं, याचा दाखला म्हणून तो कीटक. आपल्याकडे अवधूत म्हणजे दत्तगुरूच. अक्कलकोट इथून चाळीस किलोमीटरवर, त्यामुळे चोवीस गुरूंची यादी आमच्याकडच्या बायकांना पाठ असते.

मला या दृष्टान्ताबद्दल फार आदर आहे, आणि तो भक्तीपोटी आहे तितकाच निरीक्षणापोटी. ज्याने तो पहिल्यांदा केला त्याने मडकं बघितलं होतं. आत अळी गेली हे त्याने बघितलं, तोंड लिंपलेलं बघितलं, आणि काही आठवड्यांनी भोक पाडून कुंभारीण बाहेर आली हेही बघितलं. एवढं सगळं खरं आहे. त्याला दिसलं नाही ते सुतावरचं अंडं. ते दिसायला मडक्याचं तोंड उघडं असतानाच्या थोड्या वेळात आत उजेड पाडावा लागतो. माझ्याकडे टॉर्च होता.

मी आईला अंड्याचं सांगितलं नाही. म्हटलं, बाहेर येऊ दे, मग दाखवू. गोळ्याच्या कडेचं एक मडकं मी चौकटीवरून अलगद सोडवलं आणि लोणच्याच्या रिकाम्या बरणीत ठेवून तोंडाला मलमलचा तुकडा बांधला. पंचविसाव्या दिवशी आईचीच हाक आली.

बरणीत हिरवं रत्न होतं. दुसरा शब्द मला सापडत नाही. मोरपिसाच्या डोळ्यातला हिरवा आणि निळा, धातूसारखा चकाकणारा, अंगभर टाचणीने टोचल्यासारखे ठिपके. बरणी हलवली तर त्याने पोट खाली दुमडून स्वतःची गोळी केली आणि मणी होऊन पडून राहिलं. कुंभारणीचा एकही अवयव त्याच्यात नव्हता. मडक्याला मात्र व्यवस्थित भोक.

आई बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, “ध्यान दुसऱ्याचं लागलं असेल.”

हे वाक्य मी अजून विसरलेले नाही. आई हरली नव्हती, मी जिंकले नव्हते, आणि मडक्यातून तिसरंच कोणी आलं होतं.

तो प्राणी कोण हे लवकर कळलं. स्टिल्बम सायन्युरम, कोकीळमाशांच्या कुलातला. कोकिळा कावळ्याच्या घरट्यात अंडं घालते, तशी ही माशी लिंपलेल्या मडक्याला बारीक भोक पाडून आपलं अंडं आत सोडते. तिचं पिल्लू कुंभारणीच्या वाढलेल्या पिलाला खाऊन मोठं होतं. म्हणजे अळी खाऊन कुंभारणीचं पिल्लू वाढलं, आणि पिल्लू खाऊन हे रत्न. अंगावरचं ते जाड कवच आणि गोळी होण्याची कला घरधनीण घरी असताना चोरी करण्यासाठीच आहे, चिडलेल्या कुंभारणीने गाठलं तरी तिचा डंख त्यात शिरत नाही. चोराचं नाव मला दोन दिवसांत मिळालं आणि घरधनिणीचं नाव माझ्याकडे नव्हतं. ते मला बरोबर वाटलं नाही. शोध खरा तिथून सुरू झाला.

मराठीत ‘कुंभारीण’ हे नाव धंद्यावरून आलेलं आहे, जसं सुतारपक्षी, जसा शिंपी. जी मातीचं घर करते ती कुंभारीण. नाव सुंदर आहे, पण ते कामाचं नाव आहे, अंगाचं नाही. अंगणातल्या दोघींना एकच नाव पडलं ते त्यामुळे. चिखल उचलणारी जी पहिली, ती स्केलिफ्रॉन. तिचं नातं दूरचं, मधमाश्यांच्या बाजूचं. दुसरी, आमची, गांधीलमाशीच्या कुलातली, म्हणजे व्हेस्पिडी. गांधीलमाशी वसाहत करून राहते, राणी, कामकरी, सगळा बारदाना. आमची एकटी. तिचं उपकुल युमेनिनी, आणि जगभरात त्याच्या साडेतीन हजारांहून जास्त जाती आहेत. बहुतेकींना कुठल्याही भाषेत घरगुती नाव नाही.

दोघींना वेगळं करण्याचा सगळ्यात सोपा मार्ग कोठारात बघण्याचा होता, आणि तो मी आधी वापरला. शेडच्या दुसऱ्या कोपऱ्यात मीटरच्या पेटीमागे चिखलाची जुनी घरं होती. ती फोडली तर आत कोळ्यांचे वाळके पाय. कोळी भरते ती स्केलिफ्रॉन. चौकटीवरच्या गोळ्याजवळ खाली पडलेल्या ढेकळात मात्र अळ्यांची वाळलेली कातडी आणि काळी टोपीसारखी डोकी होती. कोण काय खाऊ घालतं यावरून कुलं वेगळी झाली. घरी आलेल्या पाहुणीची जातपात विचारण्याची आपली जुनी खोड, ती इथे मला पहिल्यांदाच उपयोगी पडली, आणि या कामापुरतीच ती असावी असं मला मनापासून वाटतं.

यापुढे अंग बघणं भाग होतं, आणि त्यासाठी माशी हाती हवी. मी मारणार नव्हते. जे लोक गंभीरपणे हे काम करतात ते नमुने गोळा करतात, टाचणीवर लावतात, आणि त्याशिवाय हे शास्त्र उभं राहिलं नसतं हे मला मान्य आहे. पुण्यात आकुर्डीला भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं केंद्र आहे, तिथल्या कपाटांमधल्या प्रत्येक टाचणीखाली ठिकाण, तारीख आणि गोळा करणाऱ्याचं नाव असतं, आणि पुढच्या शंभर वर्षांतल्या माणसाला त्या चिठ्ठीवर विसंबता येतं. पण माझ्या घरी आलेली ही माहेरवाशीण. मी वाट बघायची ठरवली. पावसाळा संपता संपता झरोक्याच्या काचेखाली एक मेलेली कुंभारीण मिळाली, पंख मिटलेली, अख्खी.

अप्पांच्या खणात पिकग्लास होता. कापडाच्या एका इंचात किती धागे आहेत ते मोजायचं घडीचं भिंग, खाली बरोबर एक इंचाची चौकोनी खिडकी. मी माशी त्या खिडकीत ठेवली आणि ती नेमकी मावली. डोक्यापासून पोटाच्या टोकापर्यंत एक इंच. ज्या भिंगातून अप्पांनी आयुष्यभर ताणे मोजले त्यातून मी तिच्या मिशांचे सांधे मोजले. बारा. तेरा असते तर नर. बारा म्हणजे मादी, म्हणजे कदाचित हीच ती बांधणारी.

पंख लांबीत घडी घातलेले होते, पदराच्या निऱ्यांसारखे. ही गांधीलमाशीच्या कुलाची खूण. स्केलिफ्रॉनचे पंख असे मिटत नाहीत. डोळा गोल नव्हता, चवळीच्या दाण्यासारखा आतल्या बाजूने खाच पडलेला. हीसुद्धा कुलाची खूण. जबडे लांब, सुरीसारखे, एकमेकांवर कात्री घातलेले. त्यांनीच ती काठ ओढत होती. पायाच्या नखांसाठी मोबाइलला लावायची भिंगाची चकती वापरावी लागली. प्रत्येक नखाचं टोक दुभंगलेलं निघालं. वसाहतीत राहणाऱ्या गांधीलमाशीचं नख साधं असतं, एकटीचं दुभंगलेलं. एकटं राहणं कुठे नखात लिहिलेलं असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. का ते माहीत नाही, पण मी हे आईला लगेच सांगितलं नाही, दोन दिवस स्वतःपाशी ठेवलं.

यासाठी ओळख-किल्ली नावाचं एक साधन असतं. पायरीपायरीने प्रश्न विचारते. मधल्या पायाच्या नळीला काटा एक की दोन? एक असेल तर इकडे जा, दोन असतील तर तिकडे. पोटाचा पहिला खंड दांड्यासारखा निमुळता की रुंद? निमुळता असेल तर पुढच्या ओळीवर. पहिल्या संध्याकाळी मी गोंधळले, पण दुसऱ्या दिवशी शेडमध्ये बसून वाचताना वर लटकलेल्या माळांकडे लक्ष गेलं आणि सगळं एकदम सरळ झालं. ही तर जकार्डची कार्डं. पुठ्ठ्यावर भोक असेल तर सुई आत जाते, हूक उचलला जातो, ताण्याचा धागा वर येतो. भोक नसेल तर सुई मागे ढकलली जाते आणि धागा खालीच. मोर असो की कमळ, मागाला त्यातलं काही कळत नाही, त्याला फक्त भोक आहे की नाही एवढंच कळतं, आणि तरी शेवटी मोर उमटतो. किल्लीही तशीच. ती एकदाही “ही माशी कशी दिसते?” असं विचारत नाही. आहे की नाही, एवढंच. आणि एका जागी चुकीचं उत्तर दिलं तर पुढचा अख्खा मोर बिघडतो. अप्पा म्हणायचे, चूक सापडली की पुढची कार्डं बघू नको, मागे जा. मी दोनदा मागे गेले. दोन्ही वेळा रंगाने फसवलं होतं. या माश्यांचा रंग एकाच जातीत गडद-फिका होतो, पट्टे रुंद-अरुंद होतात, आणि माझा डोळा मात्र पहिल्यांदा रंगाकडेच धावायचा.

दांडा लांब, सडपातळ, छातीइतका. त्यामुळे युमेनिस हा वंश मागे पडला आणि डेल्टा हा ठरला. (वंश म्हणजे जवळच्या जातींचं घराणं. वर्तमानपत्रं हल्ली सरसकट ‘प्रजाती’ लिहितात, वंशालाही आणि जातीलाही. निदान या लेखापुरते मी दोन शब्द वेगळे ठेवते. अख्खा लेख त्या फरकावर उभा आहे.) आणि मग जात. तांबूस तपकिरी अंग, भाजलेल्या विटेच्या रंगाचं, पोटावर रुंद काळा पट्टा, पंखांना तांबूस झाक, आणि तो पिकग्लासची खिडकी भरून टाकणारा आकार. तिची जवळची नातलग डेल्टा एस्युरिएन्स अंगाने लहान आणि जास्त पिवळी. एस्युरिएन्स म्हणजे लॅटिनमध्ये ‘भुकेली’. ते नाव मला इतकं आवडलं होतं की आपली माशी तीच निघावी अशी माझी मनातून इच्छा होती. निघाली नाही. आमची डेल्टा कोनॉइडियम.

नाव मिळालं आणि त्या नावाच्या मागे माणसांची रांग निघाली. कोनॉइडियम म्हणजे शंकूच्या आकाराची. हे १७९० साली ग्मेलिन या जर्मन निसर्गशास्त्रज्ञाने दिलेलं, त्या काळात सगळ्या गांधीलमाश्या एकाच पोत्यात, व्हेस्पामध्ये, घातलेल्या असत. पुढे १८५५च्या सुमारास जिनिव्हाचे आँरी द सोस्यूर यांनी लांब दांड्याच्या या माश्यांना डेल्टा हे नाव दिलं, तेही आधी युमेनिसच्या आतलं एक खोपटं म्हणून. १८९७ मध्ये चार्ल्स बिंगहॅम यांनी हिंदुस्थानातल्या माश्यांवर जाडा ग्रंथ लिहिला, त्यात ती युमेनिस कोनिका आहे. म्हणजे सव्वाशे वर्षांपूर्वी सोलापूरच्या एखाद्या हौशी माणसाने हाच उद्योग केला असता तर त्याच्या चिठ्ठीवर वेगळं नाव आलं असतं, आणि तोही बरोबर असता.

त्या नावाचं शेपूट बघा. कोनिका, कोनॉइडियम. डेल्टा हे ग्रीक अक्षराचं नाव व्याकरणात नपुंसकलिंगी आहे, म्हणून त्याच्यासोबत येणाऱ्या विशेषणालाही ‘अम’ लागतं. आपण चांगला, चांगली, चांगलं करतो तसंच. तीन लिंगं असलेली भाषा बोलणाऱ्याला हे समजवावं लागत नाही. मराठीत ती कुंभारीण आहे, शास्त्रात ते डेल्टा, आणि शेडमध्ये ती ती.

सोस्यूरांबद्दल एक गोष्ट मला फार जवळची वाटते. आयुष्यभर माश्यांना नावं देणाऱ्या या माणसाचा मुलगा फेर्दिनाँ हा भाषाशास्त्रज्ञ. शब्द आणि वस्तू यांचं नातं मुळात ठरवून घेतलेलं असतं, वस्तूत असं काही नसतं की तिला तेच नाव पडावं, असं त्याने मांडलं. बाप संध्याकाळी टाचणीखाली चिठ्ठी लावतोय आणि पोरगा बाजूला बसून ते बघतोय, असं चित्र मी मनाने रंगवते. त्याला पुरावा काही नाही. पण माझ्या बापाने भोकं पाडलेली मी बघितली आहेत, त्यामुळे ते मला खोटं वाटत नाही. आणि ‘कुंभारीण’ या शब्दाबद्दल मला त्या मुलाशी थोडं भांडायचंही आहे. त्या काठावरून जबडा सुटताना ज्याने एकदा बघितलं, त्याला दुसरं नाव सुचलंच नसतं.

गेल्या उन्हाळ्यात ती, किंवा तिची मुलगी, परत आली. त्याच चौकटीवर, जुन्या गोळ्याच्या शेजारी. या वेळी मी मडकं सोडवलं नाही, चौकटीलाच मलमल बांधली. पहिल्या भोकातून आला तो नर. मिशा तेरा सांध्यांच्या, टोकाशी गळासारखी आकडी. नराला डंख नसतो, त्यामुळे मी त्याला बोटावर घेतला. आईने हात मागे ओढला, मग पुढे केला. फलन न झालेल्या अंड्यातून नर होतो आणि झालेल्यातून मादी. अंडं घालतानाच आई ते ठरवते. मी आईला हे सांगितलं, आणि सुतावरच्या अंड्याचंही सांगितलं, मोबाइलमध्ये घेतलेला फोटो दाखवून. अळी आत काहीच होत नाही, ती शिदोरी असते, हेही.

आईने फोटो मोठा करून घेतला. खूप वेळाने म्हणाली, “म्हणजे ती आत एकटीच नव्हती.” आणि नंतर, “बरंच झालं की.” कुणासाठी बरं झालं ते मी विचारलं नाही.

या मार्चमध्ये माग विकले. भंगारवाला किलोवर घेतो, लोखंडाला भाव आहे, कार्डांच्या पुठ्ठ्याला जवळजवळ नाही. चार दिवस शेडमध्ये गॅसकटरचा वास होता. कार्डांच्या माळा मी दिल्या नाहीत. जकार्डची लाकडी चौकट त्याला नकोच होती. तिचा एक तुकडा, कुंभारणीच्या घरासकट, आम्ही करवतीने कापून घेतला आणि हौदाजवळ पत्र्याच्या आडोशाला भिंतीला टेकवून ठेवला. कापणाऱ्या पोराला मी सांगितलं, हळू, आत माणसं आहेत. त्याने न विचारता हळू कापलं.

तुकड्याच्या मागे मी अप्पांच्या पेन्सिलीने लिहिलंय: डेल्टा कोनॉइडियम, सोलापूर, आणि तारीख. गोळा करणाऱ्याच्या जागी काही लिहिलं नाही, कारण गोळा केलेलं नाही. नव्या गोळ्यात सात मडकी आहेत. लिंपलेल्या थराला आतापर्यंत सहा भोकं पडली, पाच गोल आणि स्वच्छ, एक जरा लहान. त्यातून कोण गेलं ते आम्हाला दिसलं नाही. सातव्यावर अजून माती तशीच आहे.

आज पाण्याचा दिवस होता. हौद भरून सांडला. आई तांब्या घेऊन आधी त्या तुकड्यापाशी गेली, वाकून बघितलं आणि तिथूनच मला हाक मारून सांगितलं, “अजून नाही गं कोण आलं.”